पाय कुणाचे दाबता?

चैत्रात रामनवमीच्या आधी आठ दिवस जुन्या आग्रा रोडला या. ठाण्याचा माजिवडा सोडा. खारेगाव, माणकोली, राजनोली नाका, पडघा, वाशिंद, शहापूर, खर्डी, कसारा. नुसतं बघत चला. शिर्डीच्या पालख्या निघालेल्या असतात. मुंबईच्या, ठाण्याच्या, आमच्या कल्याण-डोंबिवलीच्या. दोनशेच्या वर किलोमीटर पायी. आणि दर थोड्या अंतरावर मांडव. लिंबू सरबत, ताक, कलिंगडाच्या फोडी, पोहे, रात्री गरम पुरीभाजी. घमेल्यात मिठाचं कढत पाणी, त्यात पाय सोडून बसलेली माणसं. समोर मांडी घालून बसलेला कुणी दुकानदार, कुणी बँकेतला साहेब. तेल चोळतोय. फोडाला मलम लावतोय. पाय दाबतोय. सेवा!

ज्या हातानं घरातल्या मोलकरणीचा चहाचा कप वेगळा ठेवतात त्याच हातानं अनोळखी माणसाचा तळपाय.

आता सायकलवालेही निघतात. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्याला हेल्मेट, मागं टेम्पो. टेम्पोत केळी, इलेक्ट्रॉल, पंक्चरचं सामान. मुक्काम आधीच ठरलेला. त्यांनाही पाणी, त्यांनाही टाळ्या.

मी परवाच्या चैत्रात तिथं एक रात्र काढली. भावाची सून ठेकेदाराकडं झाडूकामाला आहे. तिला आणि आणखी पाचजणींना मांडवांच्या मागं साफसफाईला नेलं होतं. रात्री परतायची सोय नाही, म्हणून तिला आणायला मी गेलो. तिचं काम संपेना म्हणून बसून राहिलो. बसल्या बसल्या जे बघितलं ते लिहितोय. कुणाला कडू लागेल. लागू द्या.

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर आमचेच शहाणे म्हणतील की हा भक्तांवर उखडला. चालणाऱ्यावर माझा राग नाही. पायाला आलेला फोड हिंदू नसतो की बौद्ध नसतो. त्या रात्री एक बाई आली, पन्नाशीची, धुणंभांडी करणारी वाटली. तिच्या टाचेची साल सोलून निघाली होती. तिला कुणी पाणी दिलं, बसायला सतरंजी दिली, चांगलं केलं. मी असतो तर मीही दिलं असतं. आणि ज्यांच्या दर्शनाला ती निघाली होती ते साईबाबा स्वतः पडक्या मशिदीत राहिले. १९१८ साली दसऱ्याला देह ठेवला तोवर तीच त्यांची धर्मशाळा. कोण हिंदू, कोण मुसलमान, हे त्या फकिरानं धड कुणाला कळू दिलं नाही. तेव्हा भांडण त्याच्याशी नाही.

भांडण मांडवाशी आहे. मांडव पाय बघत नाही, झेंडा बघतो.

याच रस्त्यावरनं २०२० च्या उन्हाळ्यात माणसं चालली होती. आठवतं का कुणाला? २५ मार्चला देश बंद. २ एप्रिलला रामनवमी. त्या वर्षी पालखी नव्हती, पण रस्ता रिकामा नव्हता. भिवंडीच्या लूमवरचे, ठाण्याच्या बांधकामावरचे, नाक्यावरचे बिगारी. डोक्यावर बोचकं, खांद्यावर पोर. तेही नाशिककडंच तोंड करून, कसारा घाट चढत. फक्त त्यांचं ठिकाण दोनशे नाही, हजार-दीड हजार किलोमीटरवर होतं. त्यांच्यातही सायकलवाले होते. जुनी सायकल विकत घेऊन कॅरिअरवर बायको बसवून उत्तर प्रदेशला निघालेले. हेल्मेट नाही, टेम्पो नाही. त्यांच्या पायाला काय फोड आले नसतील?

मांडव कुठं होते? तुम्ही म्हणाल, साथ होती, घराबाहेर पडायची बंदी होती. खरं आहे. पण बंदी मोडून ज्यांनी दिलं त्यांनी दिलंच. कुठं मशिदीतनं बिर्याणी आली, कुठं शिखांचा लंगर लागला, कुठं आमच्या वस्त्यांतल्या बायांनी भाकऱ्या थापल्या, कुठं साध्या हिंदू घरातनं पाण्याच्या बाटल्या आल्या. ज्यांना द्यायचं होतं त्यांना कुणी अडवलं नाही. मी विचारतोय ते त्या मंडळांना, ज्यांच्याकडं घमेली होती, पातेली होती, टेम्पो होते, पोलिसांशी ओळख होती. तुमची सेवा वर्षातले आठच दिवस जागी असते का? आणि त्या आठ दिवसांतही आधी गळ्यातला बिल्ला बघते का?

देता येतं, हेही मी बघितलंय. मार्च २०१८. नाशिकहून आदिवासी शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला तो याच घाटानं उतरला. हजारोंनी. लाल टोप्या, सुजलेले पाय, तुटक्या चपला. दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून १२ तारखेच्या पहाटे शेवटचा टप्पा अंधारात चालून आझाद मैदान गाठलं. त्या वेळी ठाण्या-मुंबईची माणसं रस्त्यावर उतरली होती. पाणी, बिस्किटं, चपला घेऊन. तेव्हा झेंडा लाल होता आणि तरी हात पुढं झाले. म्हणजे हात आहेत. मग हे हात आम्हाला बघून मागं का जातात?

आता सहा डिसेंबरचं बोलू.

१९५६ साली बाबासाहेब दिल्लीत गेले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर त्यांना अग्नी दिला. तेव्हापासून माणूस येतोय. विदर्भातनं, मराठवाड्यातनं, आंध्रातनं, कर्नाटकातनं. नागपूरकडनं, मनमाडकडनं येणारी गाडी कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणात शिरते, मग ठाणे, मग दादर. म्हणजे रस्ता तोच. पालखीचा जो, तोच आमचा. फक्त उलट्या दिशेनं.

आणि त्या गाडीतल्या माणसाला काय म्हणतात? फुकटे. घाण करायला आले. लोंढा आला. मी चाळीस वर्षं कल्याण ते कुर्ला लोकलनं कामाला गेलो. दर पाच डिसेंबरला डब्यात हेच ऐकलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला, टिफिन मांडीवर, पेपर हातात, आणि तोंडातनं गटार. 'दोन दिवस ट्रेनमध्ये चढायची सोय नाही हो.' हाच माणूस रामनवमीला बायकोसंगट मांडवात ताक वाटतो. त्याच्या सोसायटीखालनं पालखी गेली, ढोल वाजले, रस्ता तीन तास बंद पडला, तर ती श्रद्धा. आमची म्हातारी दादरच्या फुटपाथवर भाकरी सोडून बसली तर ती घाण.

शिवाजी पार्कला महापालिका मांडव टाकते, नळ लावते, फिरती शौचालयं ठेवते. हे मिळवायला किती वर्षं बोंबललो ते आमचं आम्हाला ठाऊक. आणि मिळतंय ते दादरला. गाडीत जागा न मिळाल्यानं कल्याणच्या फलाटावर रात्र काढणाऱ्या बाईला काय? नाशिककडनं पायी, सायकलनं येणाऱ्या पोरांना पडघ्याला काय? पेट्रोल पंपावर झोपायचं. पंपवाल्यानं हाकललं की पुढचा पंप.

आम्हीही जायचो सायकलनं. १९८४-८५ च्या सुमाराला. तासावर भाड्यानं मिळायच्या सायकली. सातजणांत पाच. कल्याणहून शीळफाटा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मग मुलुंड, भांडुप, घाटकोपर, शीव, दादर. पाच तारखेला रात्री जेवून निघायचं, उजाडायला चौपाटी. एका वर्षी मुंब्र्यात दोन सायकली एकदम बसल्या. रात्रीचे दोन. सगळं बंद. एका पंक्चरवाल्याचं दार वाजवलं. डोळे चोळत बाहेर आला, लुंगीवर. दोन्ही ट्यूबा काढल्या, परातीत पाणी घेतलं, बुडबुडा शोधला, ठिगळ लावलं. पैसे विचारले तर म्हणाला, परत येताना द्या. आम्ही थरथरत होतो थंडीनं. त्यानं विचारलं, 'कितने लोग हो?' आणि तेवढा चहा आणायला आत गेला.

कितने लोग हो. एवढाच सवाल त्यानं केला. आमच्या खिशाला निळे बिल्ले होते, त्यानं बघितलेही असतील.

आता दुसरा सवाल सांगतो. १९७२ चा दुष्काळ. जालन्याकडनं आम्ही आलो. बा, माय, मी आणि धाकटा भाऊ. कल्याण स्टेशनात उतरलो तेव्हा रात्र झाली होती आणि भावाला ताप होता. कुणीतरी सांगितलं, अमुक गल्लीत धर्मशाळा आहे, जा. गेलो. दारात माणूस बसलेला. त्यानं वर न बघता विचारलं, 'कोण तुम्ही?' बा म्हणाला, जालन्याचे. 'ते नव्हं. कोण?' बा गप झाला. मला अजून ती शांतता ऐकू येते. बानं खोटं सांगायला हवं होतं असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटायचं. माय म्हणायची, 'तुझ्या बाला खोटं येत न्हवतं, मला येत व्हतं, पण मला कोन इचारलं?' आम्ही ती रात्र स्टेशनाबाहेर टांग्यांच्या स्टँडजवळ काढली. घोड्याच्या लिदीचा वास आणि तापानं फणफणलेला भाऊ. भाऊ वाचला. त्याचीच सून त्या रात्री मांडवामागं झाडत होती.

धर्मशाळा 'कोण' विचारते. मुंब्र्याचा पंक्चरवाला 'किती' विचारतो.

आणि हे एकट्या माझ्या बाचं दुःख नाही. अमेरिकेत-इंग्लंडात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीला गेले तर राहायला खोली मिळेना. पारशाच्या खानावळीत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला घोळका दारात. संध्याकाळच्या आत चालता हो. सगळी पुस्तकं, सगळ्या पदव्या खोलीत आणि माणूस रस्त्यावर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. वाचलं नसेल तर वाचा. आमच्या पोरांनीही वाचावं, नुसतं डीजेपुढं नाचू नये.

कायदा? कायद्याचं काय सांगता. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर बोल्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला. सरकारी पैशानं बांधलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. धर्मशाळा हा शब्द त्या ठरावात आहे. चवदार तळ्याचं पाणी प्यायला तरी १९२७ उजाडलं आणि डोकी फोडून घ्यावी लागली. राज्यघटनेचं १५ वं कलम आलं. १९५५ चा अस्पृश्यतेचा कायदा आला, त्यातही धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना सगळं नाव घेऊन लिहिलंय. आणि त्यानंतर सतरा वर्षांनी माझा बा कल्याणच्या गल्लीत मुका उभा होता.

चोखोबाला पंढरपुरात मुक्कामाला जागा मिळाली ती देवळाच्या पायरीशी. तीही मेल्यावर. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून गेला, हाडं आणून पुरली. सहाशे वर्षं त्याच्या माणसांना पंढरीत पाठ टेकायला जागा नव्हती. ती दिली परटाच्या पोटी जन्मलेल्या गाडगेबाबांनी. दारोदार मागून चोखामेळा धर्मशाळा बांधली. आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. धर्मशाळा बांधणारा स्वतः झाडाखाली झोपायचा. सरकारनं त्या माणसाच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. खराटा बरोबर उचलला. धर्मशाळा विसरलं. खराटा कुणाच्या हातात द्यायचा हे व्यवस्थेला पाठ आहे.

तर त्या खराट्याचं. पालखी गेली की मागं काय उरतं? पत्रावळी, द्रोण, प्लास्टिकचे पेले, केळीच्या साली, आणि उघड्यावर बसलेल्या शेकडो माणसांची घाण. बायांची तर फार आबाळ. मांडवाच्या झगमगाटात आडोसा नसतो म्हणून अंधार शोधत त्या लांब जातात, एकमेकींना धरून. त्यांच्यासाठी दोन शौचालयं करावीत हे सेवेकऱ्यांना सुचत नाही, कारण शौचालयात पुण्य नाही. पुण्य ताकात आहे.

१९८८-८९ ची गोष्ट. माय तेव्हा रोजंदारीवर झाडूकामाला. एक पालखी रस्त्याकडच्या शाळेत मुक्कामाला होती. सकाळी सात वर्ग आणि मैदान चौघीजणींनी साफ करायचं. पोरं अकराला येणार. माय कमरेत वाकून करत होती, तेवढ्यात प्रसादाची पंगत बसली. एक तरुण सेवेकरी आला. चांगला, नम्र. म्हणाला, 'मावशी, तुम्ही इथंच थांबा हं. तुम्हाला बाहेर आणून देतो.' आणि खरंच आणून दिलं. भरपूर दिलं. बुंदीही दिली. माय ते घरी घेऊन आली, आम्ही खाल्लं. मी तेव्हा तिशीच्या आत, रक्त गरम. मी म्हणलं, फेकून का दिलं नाहीस? माय म्हणाली, 'त्यानं शिवी दिली असती तर फेकलं असतं. त्यो गोड बोलला. गोडाला काय करावं?'

परवा मांडवामागं मी तेच बघितलं. चाळीस वर्षं होत आली. सूनबाईला पोह्यांची पत्रावळ मागं आणून दिली. मांडवात डॉक्टर फोड बघत होते, त्यांना शाल आणि नारळ. कोपऱ्यात एक म्हातारा चपला शिवून देत होता, फुकट, सेवाच. त्याला शाल नाही. त्याला 'ए बाबा'. डॉक्टर पायाला हात लावतो तर देव. हा पायतणाला हात लावतो तर चांभार.

सरकारला चालणारा माणूस दिसतो, असं नाही की दिसत नाही. आळंदी-देहू ते पंढरपूर पालखी मार्गाचं भूमिपूजन २०२१ साली झालं, कडेला वारकऱ्यांना चालायला वेगळी वाट ठेवायची म्हणून. २०२४ साली दिंडीला २० हजार रुपये जाहीर झाले. द्या. वारकरी आमचाही आहे, त्यात कुणबी आहे, मातंग आहे, महार आहे. पण दुसरीकडं बघा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बांधला. नागपुरात सुरू होतो, आमच्या भिवंडी तालुक्यात आमण्याला संपतो. ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा खुला झाला. दीक्षाभूमीच्या गावाहून चैत्यभूमीच्या दाराशी आणणारा याहून सरळ रस्ता देशात नाही. आणि त्यावर पायी माणसाला बंदी. दुचाकीला बंदी. ज्याच्याकडं मोटार त्याची समृद्धी. १९६६ साली भय्यासाहेब आंबेडकरांनी महूहून मुंबईला भीमज्योत आणली. तशी कुणी आज या रस्त्यानं आणायची म्हणेल तर टोलनाक्यावरच विझवतील.

मग उरला जुना आग्रा रोड. कंटेनरच्या चाकाला चाक लावून चाला. पालखीतली माणसंही त्यावर गाडीखाली मरतात. चार ओळींची बातमी येते. त्यांना ताक मिळतं, कडेची वाट मिळत नाही. म्हणून म्हणतो, हा सवाल त्या टाच सोललेल्या बाईचाही आहे. मागायचं तर नीट मागा. या रस्त्याला दर दहा किलोमीटरला एक पक्की शेड, बारमाही. नळ. बायांना आणि पुरुषांना वेगळं शौचालय, आणि ते धुवायला कायम पगारी माणूस, ठेक्यावरचा नाही. सायकलला हवा भरायचा पंप. वर छप्पर, खाली फरशी, दाराला कुलूप नाही. चैत्रात पालखीवाला झोपेल, डिसेंबरात आमचा, दिवाळीनंतर वीटभट्टीला निघालेलं कातकऱ्याचं बिऱ्हाड. वर्षभर कुणी ना कुणी चालतंच. वर पाटी एकच, आणि तीवर देणगीदाराचं नाव नको, आमदाराचा फोटो तर नकोच.

आता घरचं उणं. एका पाच डिसेंबरला आमच्या वस्तीच्या पोरांनी राजनोलीजवळ भोजनदान ठेवलं. फलकावर ठळक लिहिलं, 'फक्त भीमसैनिकांसाठी'. एक ट्रकचा क्लीनर ताट मागायला आला. कुठला होता कुणास ठाऊक. आमच्या पोरानं त्याला विचारलं, 'कोण तुम्ही?'

मी पातेल्यापाशी होतो. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी ओरडलो, भांडलो, फलक उतरवा म्हणलं. पोरं म्हणाली, काका, ते आपल्याला देतात का? मी म्हणलं, नाही देत. म्हणून तर. अर्ध्यांना पटलं, अर्धे आजही माझ्याशी बोलत नाहीत. क्लीनर तोवर निघून गेला होता.

त्या शेडसाठी आम्ही अर्ज केला. सुरुवात म्हणून एकच शेड मागितली, एक नळ आणि दोन शौचालयं. सतराजणांच्या सह्या, त्यात पालखीत जाणाऱ्या तिघांच्याही. खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटा-सुलटा करून विचारलं, 'कुठल्या मंडळाकडून? कुणासाठी? इथं समाजाचं नाव लिहावं लागेल.' मी म्हणलं, चालणाऱ्यांसाठी. म्हणाल्या, तसा रकाना नाही. मी रकाना कोरा ठेवून दिला. महिन्याभरानं अर्ज परत आला, 'अपूर्ण' असा शिक्का मारून. गेल्या सोमवारी पुन्हा टाकलाय. रकाना कोराच आहे.